काठी वळेल एवढी वाट

माझी जीभ लहानपणापासून तिखट. आई म्हणायची, हिच्या सासरी मिरची विकत आणायला नको. पुढे सासरच्यांनीही ते हसून घेतलं आणि मला त्या जिभेचा थोडा अभिमानच वाटायला लागला. शाळेत मास्तरीण असल्यावर तिचा उपयोगही होतो. तिने माझं नुकसान केलं ते एकदाच, घर घेताना.

ऐंशीच्या सुरुवातीला आम्ही दोघं रत्नागिरीत आलो. यजमान सरकारी कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत. मूलबाळ नव्हतं. त्याआधी राजापूर, पाली, पुन्हा राजापूर अशी पाच बिऱ्हाडं करून झाली होती. राजापूरच्या घरमालकिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. चार वर्षं आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटकलेलं होतं. वारा आला की तारीख दिसायची नाही. तेव्हाच मी यांना सांगून ठेवलं, मला बंगला नको, माडी नको, जिथे मनाला येईल तिथे खिळा ठोकता येईल अशी चार भिंतींची जागा घ्या.

रत्नागिरीत चौकशी केली तर लोकांनी दोन माणसं सांगितली. एक म्हातारा होता. जन्मभर मोजणीखात्यात साखळी धरून त्याने जमिनी मोजल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर घरं-वाड्या दाखवायचं काम धरलं होतं. दुसरा तरुण. तो मुंबईला काही वर्षं काढून आला होता. बाजारात त्याची छोटीशी खोली होती, बाहेर ‘इस्टेट एजंट’ अशी पाटी, आत टेबलावर काच. म्हाताऱ्याला मात्र सगळे दलालच म्हणायचे. त्याच्याबद्दल एका शेजारणीने मला सांगितलं, “तो घर दाखवतो की घराची खोड दाखवतो तेच कळत नाही बघा.”

यांनी आधी म्हाताऱ्यालाच गाठलं. यांचा स्वभावच तसा. भाजी घेतानासुद्धा जो ओरडत नाही त्याच्याकडे जायचे.

म्हातारा आला तो हातात काठी घेऊन. ती चालायला आधाराची काठी नव्हती. चांगली पुरुषभर लांबीची, तुळतुळीत झालेली बांबूची काठी होती. मोजणीखातं सुटलं तरी हातातली सवय सुटली नसावी. बोलायला अतिशय सावकाश. एक शब्द बोलायचा, मग घसा खाकरायचा, मग लांब कुठेतरी बघायचा आणि मग दुसरा शब्द. आमच्या वर्गातली पोरं पाढे म्हणताना अडकली की मी पुढचा आकडा सांगून टाकत असे. याच्या बाबतीतही मला तोच मोह व्हायचा.

पहिलं घर दाखवलं, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, “हिला पावसात ओल येते.” दुसरं दाखवलं, विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाला, “मे म्हयन्यात तळ दिसतो.” दोन्ही वेळा घरमालक शेजारीच उभा होता आणि त्याचं तोंड कडू झालेलं आम्हाला दिसत होतं. परत येताना मी यांना म्हटलं, “हा दलाल कुणाच्या बाजूचा आहे?” हे म्हणाले, “घराच्या.” आणि हसले. यांना तो आवडला होता.

तिसरं घर दाखवलं ते खाडीच्या अंगाला होतं. वर गाडीरस्ता आणि रस्त्यावरून खाली उतरणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. चाळीसेक पायऱ्या असतील. मध्यावर ती पाखाडी हाताच्या कोपरासारखी वळायची. एका बाजूला तासलेला कातळ, दुसऱ्या बाजूला चिऱ्यांच्या कुंपणाचा छातीएवढा कोपरा. वळण उतरलं की अंगण, पडवी, दोन खोल्या, स्वयंपाकघर. आतल्या खोलीची खिडकी उघडली तर समोर अख्खी खाडी. ओहोटी होती, होड्या कलंडून पडल्या होत्या, त्यांच्यामधून बायका चालल्या होत्या. मी खिडकीशेजारच्या भिंतीवर हात फिरवला आणि खिळा कुठे ठोकायचा ते ठरवून टाकलं.

म्हाताऱ्याने या घराची काही खोड सांगितली नाही. भिंती बघितल्या, कौलं बघितली, विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्याला. “घर चांगला हाय,” म्हणाला. मला हायसं वाटलं. आम्ही परत निघालो. म्हातारा पुढे, मागे मी, माझ्यामागे हे. वळणावर म्हातारा थांबला. त्याने काठी कमरेएवढ्या उंचीवर आडवी धरली आणि वळायला गेला. काठीचं एक टोक कातळाला लागलं, दुसरं कुंपणाच्या चिऱ्याला. मागे झाला, पुन्हा वळवून बघितली. पुन्हा अडकली.

“बाई,” तो म्हणाला, “हितसून खाट वळायची नाय.”

“खाट घरातच राहील,” मी म्हटलं. “ती कशाला वळवायची?”

“घरात मानूस येतो तसा…” तो खाकरला, खाडीकडे बघितलं. “कदी त्याला उचलून न्यायचीबी येळ येते. चार मानसा, बांबू… पन ह्यो कोपरा…” आणि काठीचं टोक त्याने कुंपणाच्या चिऱ्यावर ठेवलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात पहिल्यांदा घर मनात भरलं होतं आणि हा माणूस उंबऱ्याबाहेर तिरडी मोजत उभा होता. मी म्हटलं, “आम्ही राहायला जागा बघतोय, मसणात जायची वाट नाही बघत. पुरे झालं.”

त्याचं तोंड उघडं होतं. तो अजून काहीतरी बोलणार होता हे मला दिसत होतं. पण मी बाजूने अंग चोरून वर निघून गेले. मागे यांचा आवाज आला, “तिचं मनावर घेऊ नका.” आणि लगोलग त्यांची पावलं माझ्यामागे वाजली.

त्या संध्याकाळी यांनी एकदाच विषय काढला. “घर तेच घ्यायचं असेल तर घेऊ, पण व्यवहार म्हाताऱ्याकडूनच करू. त्याला घर खपवायची घाई नाही.” मी म्हटलं, शुभकार्याच्या तोंडावर त्या अपशकुनी माणसाचं तोंड मी बघणार नाही. यांनी पानातला भात कालवला आणि पुढे काही बोलले नाहीत. यांचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी लग्नापासून धरून चालले होते. ते तसं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग आम्ही तरुण एजंटाकडे गेलो. तेच घर त्याच्याकडेही होतं. त्याने मुद्दाम भरतीची वेळ साधून दाखवलं. खिडकी त्यानेच उघडली आणि बाजूला झाला. म्हणाला, “ताई, या खिडकीत बसून चहा प्यायचा.” मला ऐकायचं होतं नेमकं तेच तो बोलला. त्याच्याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. त्याने आम्हाला फसवलं नाही, कागद चोख करून दिले, मोजणीचा नकाशासुद्धा घडी घालून पिशवीत दिला. वळणावर तो थांबला नाही एवढंच. आणि मी त्याला निवडलं होतं तेही त्याचसाठी.

सामान आणलं तेव्हा लोखंडी कपाट वळणावर अडलं. हमालांनी ते उभं केलं, पायरीवर फिरवलं आणि आणलं खाली. मी अंगणातून यांना म्हटलं, “बघा, वळलं की नाही? म्हातारा उगाच घाबरवत होता.” हे म्हणाले, “वळलं खरं.” आणि कपाटावरचा कोपऱ्याचा ओरखडा बोटाने पुसत राहिले.

घरात आम्ही सुखात होतो. हे लिहायला मला जड जातं, पण होतो. मी पहिल्याच दिवशी अकरा खिळे ठोकले. हे म्हणाले, आता भिंत शिल्लक ठेव थोडी. संध्याकाळी खिडकीत चहा व्हायचा. बाजारातून येताना हे वळणावर थांबायचे आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. मला पडवीतून त्यांचं डोकं दिसायचं, मग दिसेनासं व्हायचं, मग ते अंगणात यायचे. मी चहाचं आधण ठेवायचे ते डोकं दिसलं की.

पाच वर्षं अशी गेली. पौषातला दिवस होता, शाळेला सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास हे दाढी करता करता खुर्चीत बसले आणि म्हणाले, छातीवर कुणी पाय दिल्यासारखं वाटतंय. चेहरा घामाने भिजला होता. मी धावत शेजारी गेले. वाडीतले पुरुष कामावर गेलेले, बरेचसे मुंबईला. तरी चार माणसं जमली, त्यात टपाल द्यायला आलेला पोस्टमनही होता. वर रिक्षा थांबवली. चालवायचं नाही म्हणून खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बांबू बांधले आणि यांना खुर्चीतच उचललं. पहिल्या वीस पायऱ्या भराभर चढले सगळे.

वळणावर बांबू अडले. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला चिरा. मागे घेतलं, तिरपं केलं, पुन्हा अडले. कुणी म्हणालं दोऱ्या सोडा, कुणी म्हणालं खुर्ची डोक्यावर घ्या. मी मागच्या पायरीवर यांच्या कपड्यांची पिशवी धरून उभी होते. यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दोष नव्हता. असता तर मला सोसलं असतं. ते त्या माणसांना म्हणाले, “मला उतरवा. चढतो मी.”

यांना उभं केलं आणि वळवलं. कपाटासारखं.

उरलेल्या पायऱ्या ते आपल्या पायांनी चढले. मी मोजल्या नव्हत्या तोवर, त्या दिवशी मोजल्या. बावीस. रिक्षात बसले, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दवाखान्याच्या फाटकापाशी पोचण्याआधी गेले. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, उचलून आणलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता. भला माणूस होता, माझ्यासाठी म्हणाला. पण तो ‘कदाचित’ मी घरी घेऊन आले आणि तो अजून माझ्याकडेच आहे.

म्हातारा दलाल भेटायला आला होता. पडवीत बसला, पाणी प्याला आणि उठला. त्याची काठी त्याने वर रस्त्यावरच कुठेतरी ठेवली होती. ते माझ्या लक्षात आलं आणि मला रडू आवरेना.

वर्षभर मी रोज त्या वळणावरून शाळेत गेले-आले. दुसऱ्या वर्षी ठरवलं, आता हे घर पुरे. पालीला बहीण राहत होती, तिच्या शेजारी खोली मिळत होती. घर विकायचं म्हणून मी म्हाताऱ्याच्या दारात गेले. लाज वाटत होती, पण दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही हे नक्की होतं. तो पडवीत सुपाऱ्या सोलत होता. मी म्हटलं, “घर विकून द्या. पण जो कुणी येईल त्याला आधी ते वळण दाखवा. काठी धरून दाखवा.”

त्याने सुपारी खाली ठेवली. “दावतो. पन बाई, त्यापरीस कोपराच काढा की.”

“कुणाचा?”

“तुमचा.” खाकरला. मी थांबले. “ता कुपान तुमचा हाय. हद्द त्याच्याबी भायेर हातभर. मी सोता मोजलेली. तवा मी त्याच सांगत व्हतो. चार चिरे काढलं की खाट आरामात वळंल, घेन्याआदी मालकाकडून काढून घ्या म्हनून.”

तो पुढे म्हणाला, “घर चांगलाच व्हता, बाई. मी नको म्हनत नव्हतो.”

घरी येऊन कपाट उघडलं. खालच्या खणात कागदांची पिशवी, तिच्यात नकाशा, एजंटाने घातलेल्या घडीत तसाच. कोपरा आमचा होता. पाच वर्षं आम्ही आमच्याच चिऱ्यांना अंग घासून जात-येत होतो.

गवंडी सकाळी आला. मला वाटलं होतं दोन दिवस तरी लागतील. जेवायच्या वेळेच्या आत त्याने कोपरा उतरवला, कडा गोल करून घेतली आणि चिरे विहिरीपाशी रचून ठेवले. एवढंच काम होतं. म्हातारा आला. त्याने काठी कमरेशी आडवी धरली आणि वळणावरून सावकाश फिरवली. कुठे लागली नाही. मी पडवीच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. म्हातारा कातळाकडे तोंड करून उभा राहिला.

पुढच्या महिन्यात तो एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला घेऊन आला. मुलगी पुढे होती. खाडी दिसायला लागली तशी ती बोलत बोलत, नवऱ्याला हाताने दाखवत वळणावरून खाली उतरली. वळणाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खिडकी तिने स्वतःच उघडली आणि भिंतीवरचे खिळे बघून विचारलं, “हे ठेवणार ना तुम्ही?” मी म्हटलं, सगळे तुझेच.

म्हातारा आणि तिचा नवरा विहिरीकडे गेले होते. ती हळूच म्हणाली, “काकू, घर आवडलं मला. पण तुमचे हे दलाल किती हळू बोलतात. मला धीर निघत नाही, मधेच तोडावंसं वाटतं.”

“वाटतं खरं,” मी म्हटलं. “पण थांब गं. त्यांचं वाक्य पुरं होऊ दे.”