मोर्च्याला लेफ्ट-राइट

आमचे हे महूच्या छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही इंदूरला स्नेहलतागंजात दोन खोल्या घेतल्या. मला वाटलं, आता माझे यजमान सकाळी आरामात पेपर वाचतील. पण पहिल्याच पहाटे हे अर्धी चड्डी घालून पळायला निघाले. त्या काळी आमच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं पळायची, चोर आणि चोराच्या मागची. पोह्याच्या दुकानापाशी उभे असलेले दोन भले गृहस्थ हातातली जिलबी टाकून यांच्याबरोबर धावले. चोर नाहीच, हे त्यांना स्टेशनापाशी कळलं. शेजारच्या भाभींनी मला हळूच विचारलं, "भियाजी की तबियत तो ठीक है ना?" मी म्हटलं, तबियत ठीक आहे, तीच तर अडचण आहे.

फौजेत हे लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचे. पन्नाशीच्या वरच्यांसाठीही स्पर्धा असतात असं यांना कुठूनसं कळलं होतं, आणि त्यात मेडल घ्यायचं यांनी ठरवून टाकलं होतं.

शहर तेव्हा मोठं विचित्र झालं होतं. एकीकडे कापडाच्या मिला एकामागून एक बंद पडत होत्या. मागच्या गल्लीतले मिलवाले दिवसभर ओट्यावर पत्ते कुटत बसायचे. दुसरीकडे मोठ्या रस्त्यावर विदेशी टीव्हीची, गाड्यांची काचेची शोरूम उघडत होती. आणि काच आली की काचेपुढे उभा करायला माणूस लागतो. ही गोष्ट यांच्या बरोब्बर लक्षात आली. आमच्या पुढच्या खोलीत यांनी सिक्युरिटी एजन्सी काढली. यांचे फौजी मित्र आपापल्या गावी शेतीवर निघून गेले होते, म्हणून ओट्यावरच्या मिलवाल्यांनाच यांनी पत्त्यांवरून उठवलं.

जवळच्या मैदानावर ट्रेनिंग सुरू झालं. मी चहाची किटली घेऊन जायची, म्हणून सगळं पाहिलंय. जन्मभर लूमच्या खडखडाटात काढलेली ती माणसं. कानात सांगायची गोष्टही पूर्ण मैदानाला ऐकू जाईल अशी बोलायची. "सावधान" म्हटलं की सावध व्हायची आणि मग शेजाऱ्याला विचारायची, काय म्हणाले साहेब? सॅल्यूट मात्र सगळ्यांना आवडला. एकाने सवयीने बायकोलाही ठोकला, आणि ती घाबरून माझ्याकडे सांगत आली की मिल बंद झाल्यापासून माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पहिलं काम मिळालं ते एका टीव्हीच्या शोरूमचं. तरुण शेठ खूष होता. यांचे गार्ड दारात असे उभे राहायचे, की गिऱ्हाइकं आत जायला बिचकायची.

मग एका सकाळी मिलमजुरांचा मोर्चा निघाला. "मिल चालू करो" म्हणत तो नेमका त्या शोरूमवरून जात होता आणि तिथेच अडला, कारण दारातले दोन्ही गार्ड त्याच मिलचे. जुने दोस्त भेटले. गार्डांनी आतल्या कूलरचं पाणी बाहेर आणून पाजलं. इथवर ठीक होतं. पण घोषणा सुरू झाल्या तशी त्या दोघांना सवय आवरली नाही. वर्दीत, काचेला पाठ लावून, मुठी वळून तेही ओरडायला लागले. शेठने घाबरून आमच्याकडे फोन केला. हे नुकतेच पळून आले होते. कपडे न बदलता, तसेच चड्डी-बनियनवर पुन्हा पळत सुटले, आणि मी रिक्षा करून मागोमाग.

मी पोचले तेव्हा हे शोरूमच्या पायरीवर चढलेले होते. गार्डांना यांनी हातानेच बाजूला केलं. मोर्च्याकडे पाहत फक्त म्हणाले, "ऐसे भीड़ बनके जाओगे तो कलेक्टर साहब खिड़की से देखके पर्दा लगा लेंगे. तीन-तीन की लाइन बनाओ."

कुणास ठाऊक का, पण लोकांनी ऐकलं. लाइनी झाल्या. हे पुढे, आणि मागे अख्खा मोर्चा लेफ्ट-राइट करत कलेक्टर कचेरीकडे. रस्त्यावरचे पोलीससुद्धा नकळत ताठ उभे राहिले. कचेरीत साहेबांनी निवेदन घेतलं आणि विचारलं, तुमचा नेता कोण? सगळ्यांनी चड्डीतल्या माणसाकडे बोट दाखवलं. "मी नेता नाही साहेब, माझा धंदा आहे," असं हे सांगत होते, पण ते कुणाला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, गुडघ्यांसकट. खाली लिहिलं होतं, श्रमिक नेता. शेठने काम मात्र काढून घेतलं नाही. काच न फोडता मोर्चा हलवणारा माणूस त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होता?

मिल काही चालू झाली नाही. त्याचं वाईट यांना फार दिवस वाटत राहिलं. पण यांची नेतेगिरी सुरू झाली ती झालीच. कुणाचा नळ, कुणाचं रेशन कार्ड, कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं. लोक पहाटेच कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहायला लागले, यांची प्रॅक्टिस बुडायला लागली. शेवटी यांनी फर्मान काढलं, ज्याला तक्रार सांगायची त्याने बरोबर पळत सांगायची.

अर्ध्या तक्रारी तिथेच मिटल्या. उरलेले लोक पायजमे वर खोचून, धापा टाकत गटारीची हकीकत सांगत यांच्या मागे पळायचे. त्यात पन्नाशी ओलांडलेला एक लूमवाला होता. त्याचा नळ मिळाला तरी तो यायचा थांबला नाही. भोपाळला स्पर्धा होती तेव्हा हे त्यालाही बरोबर घेऊन गेले, सोबत म्हणून. त्याचंही नाव यांनीच हौसेने टाकलं.

तो दुसरा आला आणि हे चौथे.

घरी आल्यावर यांनी सांगितलं, त्याला वारा पाठीमागून होता. गोल मैदानावर वारा एकाच माणसाच्या पाठीमागे कसा फिरतो, ते मी विचारलं नाही. चारेक दिवस हे एकटेच, दुसऱ्या रस्त्याने पळाले. मग एका सकाळी स्वतःच त्याच्या दारात गेले आणि त्याला एजन्सीत सुपरवायझर केलं. मला म्हणाले, "आता ड्यूटीवर उभा राहील दिवसभर. पाय जड होतील जरा."