जुने पार्ट मागितले नाहीत

गाडीत नवा पार्ट टाकला की जुना हातात घेतल्याशिवाय मी गॅरेज सोडत नाही. आमच्याकडे गाडीवाल्यांची ही रीतच आहे. जुना पार्ट चिंधीत गुंडाळून सीटखाली टाकायचा, म्हणजे खरंच बदलला की नुसता पुसला, हा वाद उरत नाही. मिस्त्री चिडतात; चिडू देत.

फक्त अमरावतीच्या माझ्या मिस्त्रीकडे कधी मागितला नाही. शेंदूरजनाघाटला संत्र्याचे कॅरेट आम्ही दोघांनी बरोबर उचलले, एका डब्यात जेवलो. पुढे मी पिकअप घेतली, त्याने गॅरेज टाकलं. त्याच्याकडे जुना पार्ट मागायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं होतं.

त्या हंगामात गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. चढावर दम टाकायची, मागे काळा धूर सोडायची. त्याने बोनेट उघडलं, थोडा वेळ आवाज ऐकला.

"इंजेक्टर गेले बे. चारही नवे टाक."

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या त्या चार पार्टांचा भाव ऐकून माझं डोकं फिरलं. भाव पाडल्याशिवाय मी बॅटरीचं पाणीसुद्धा घेत नाही. हुज्जत घातली, आवाज चढवला, उठून निघालोही. शेवटी तो म्हणाला, "बरं, तुह्यासाठी." मला ते दोस्तीतलं वाटलं.

काही दिवस गाडी बरी चालली. मग अकोल्याला संत्री घेऊन जाताना मूर्तिजापूरच्या पुढे थरथरायला लागली आणि बंद पडली. ताडपत्रीखाली माल तापत होता, व्यापारी फोनवर फोन करत होता. दुसऱ्या गाडीमागे टोचन करून अकोल्याला इंजिनातले डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेली.

"भाऊ, पयले इंजेक्टर पाहू."

"ते सोडा. नवेकोरे आहेत."

त्याने ऐकलं नाही. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्नची नळी काढून तिथे एकेक बाटली लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिनात जायचं डिझेल उलटं परत येत होतं. तीन बाटल्यांचा तळही नीट भिजला नव्हता आणि एक भरत आली होती. तो इंजेक्टर त्याने उपसून माझ्या हातात दिला.

त्याच्या डोक्यावरच्या, वायर बसते त्या सॉकेटचा कोपरा तुटलेला होता. मागच्या उन्हाळ्यात परतवाड्याच्या रस्त्यावर माझ्याच स्क्रू ड्रायव्हरने उडालेला तो कोपरा. खाली तांब्याचा वॉशर मात्र नवा, चकचकीत.

"नवे हायेत म्हणता?" कारागीर म्हणाला. बाकीचे तीनही धुऊनपुसून परत बसवलेले जुनेच निघाले.

त्या दिवशी मी भाव केला नाही. तो म्हणाला त्या किमतीत चारही बदलले, जुने पिशवीत भरले. तोवर संत्री नरमली होती. व्यापाऱ्याने मागितली त्या भावात दिली. तिथून थेट अमरावती.

"माझे जुने इंजेक्टर दे," मी म्हटलं.

त्याने पिशवीकडे पाहिलं. "घेऊनच तं आला."

"लाज नाही वाटत तुले?"

"तुनं भाव पाडला त्यात नवे येतात काय बे? साऱ्या वऱ्हाडाचे भाव तुले तोंडपाठ, अन् हाच ठाऊक नव्हता?"

"मंग नाही म्हनाचं होतं!"

"तुले नाही म्हनून पाह्यलं हाय कोणी?"

गिऱ्हाइकाला गंडवणं मला समजतं. मीही कॅरेटमध्ये मोठी फळं वर लावतो. पण त्याच्यासमोर मी गिऱ्हाईक कधी झालो, हे त्याने मला सांगायला हवं होतं.

मी पिशवी त्याच्या टेबलावर ओतली. त्याने चहा सांगितला आणि बोलता बोलता, हाताच्या सवयीने, चिंधी घेऊन एक इंजेक्टर पुसायला लागला.

तो मी हिसकावून घेतला. चारही उचलले. तिथे राहिले असते तर पुसून कुणाच्या तरी गाडीत नवे म्हणून गेले असते. आता ते माझ्या सीटखाली आहेत. चहा मी घेतला नाही.