घटातलं एक पातं
घटाच्या मातीतून गहू उगवला की देव्हाऱ्याजवळ एक ओला, हिरवा वास येतो आणि मला नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधलं एक नवरात्र आठवतं. आमच्या मांजरीला देवीसमोरच्या त्या कोवळ्या पात्यांची चटक लागली होती, म्हणून आईने तिच्यासाठी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वेगळा गहू पेरला. माती तीच, आगाशीहून आणलेली, गहूही तोच. पण मांजरी डबा नुसता हुंगायची आणि घटापुढे जाऊन ओरडायची. "अगं, तेच आहे ते, खा की!" आई अगदी काकुळतीला आली होती. त्याच खोलीत, वालीवच्या कारखान्यात कामाला असलेला माझा भाऊ बाबांना कॉम्प्युटर समजावत होता. व्हायरसला कंटाळून त्याने विंडोज काढून लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली होती. "तेच आहे बाबा, फक्त बटणं इकडे आलीत." बाबांचा पत्त्यांचा डाव, त्यांच्या फाइली, काहीच जिथल्या तिथे नव्हतं. माउसवर हात ठेवून ते नुसते बघत राहिले. भाऊ हे त्यांच्या भल्यासाठीच तर करत होता. शेवटी बाबा उठले आणि दसऱ्याआधी ज्याला कुणी हात लावत नाही त्या घटातलं एक पातं खुडून त्यांनी मांजरीपुढे धरलं. आईने पाहिलं आणि श्रीखंडाचा डबा उचलून बाजूला ठेवला. आज सकाळी मुलाने माझा जुना फोन काढून घेतला आणि नवा हातात दिला. "तेच आहे गं आई," म्हणाला आणि कामाला गेला. मघापासून तो नवा फोन वाजतोय, आणि मी घटासमोर त्याच्याकडे नुसती बघत बसले आहे.