वॉरंटीत नसलेले ब्रेक

सातपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी गिऱ्हाइकांना बजावायचो, "गाडीला बाहेर कुणाला हात लावू दिलात तर वॉरंटी गेली." पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्यानं हसत विचारलं होतं, "लिंबू-मिरची बांधली तर चालंल ना, साहेब?"

पुढे त्याच्या गाडीचे ब्रेक घासू लागले. गावातला मेकॅनिक पॅड बदलायला तयार होता. "नको, वॉरंटी जाईल," म्हणत तो तशीच गाडी घेऊन आमच्याकडे निघाला. हायवेवर ट्रकमागे ब्रेक लागला नाही. तो जागीच गेला.

पॅड झिजणारेच, ते वॉरंटीत नव्हतेच. बाहेर बदलल्यानं बाकीची वॉरंटीही गेली नसती. मला ते ठाऊक होतं. भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "तुमचा शब्द मोडला नाही बघा त्यांनी."

आजही सिग्नलला कुणाचा ब्रेक करकरला की वाटतं, धावत जाऊन सांगावं, जवळच्या मेकॅनिककडे जा बाबा.