निरोधवाली रेजीबाय

रेजिना मुनीज ही गोराईतली सगळ्यात कडक कॅथलिक बाई आणि सरकारी निरोध वाटायचं काम तिच्याकडेच. यात देवाचा विनोद जास्त की पालिकेचा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. मी क्षमा, तिच्याबरोबर त्याच आरोग्य केंद्रात औषधं देते. राहते बोरिवलीला, रोज होडीने खाडी ओलांडून कामावर जाते, आणि देवाधर्माचं मला फारसं काही नाही. आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला मी निव्वळ शिऱ्यासाठी हजर असते. त्यामुळे माझं सांगणं थोडं तिरकं असणार, ते सांभाळून घ्या.

सगळं गाव तिला रेजीबाय म्हणतं. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, आवाज मासळी बाजारात तयार झालेला. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत ती मटण तर सोडाच, टीव्हीसुद्धा बंद ठेवते, आणि शेजाऱ्यांचा मोठ्याने चालू असेल तर जाऊन त्यांचाही बंद करायला लावते. घटस्फोट, बिनबाह्यांचा ब्लाऊज घालून चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला येणं आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या, या तिन्ही गोष्टी सैतानाने एकाच दिवशी काढल्या असं तिचं ठाम मत आहे. सरकारबद्दलही तिचं मत बरं नाही. सरकारला देव नाही, त्यामुळे त्याला लाज नाही, असं ती म्हणते. पगार मात्र तिथूनच येतो, आणि तो अर्धवट येतो हे तिच्या मते त्याच निर्लज्जपणाचं लक्षण.

नवरा गेल्यावर तिने आरोग्य सेविकेचं काम धरलं. पोलिओचे डोस पाजायचे, तापाचे रुग्ण शोधायचे, एवढंच असेल अशी तिची समजूत होती. पहिल्याच महिन्यात तिच्या पिशवीत निरोधची पाकिटं येऊन पडली. मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी तिने ती दोन बोटांत धरली आणि मला विचारलं, "हे मी वाटायचं? मी?" मी म्हटलं, "वापरायला नाही सांगत गं कोणी, फक्त वाट." तेव्हापासून माझ्याबद्दलही तिचं मत फारसं बरं नव्हतं.

तरी पुष्कळ वर्षं तिने हे निभावलं, कारण जुने फादर कानाने अधू होते. आठवडाभर ती मान दुसरीकडे वळवून पाकिटं द्यायची आणि शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन त्याची कबुली द्यायची. फादर जे ऐकू आलं नाही त्याबद्दल तीनदा नमो मारियाची प्रार्थना म्हणायला सांगायचे. ती गुडघे टेकून म्हणायची आणि सोमवारी स्वच्छ होऊन पुन्हा कामावर. सरकार, चर्च आणि रेजीबाय, तिघांचंही त्यात भागत होतं.

मग जुने फादर निवृत्त झाले आणि फादर मेल्विन आला. तरुण, दाढीवाला, गिटार वाजवणारा. गिटार वाजवतो म्हणजे मोकळ्या मनाचा असणार, असं मला वाटलं होतं. कसलं काय. त्याचे कान तिखट होते आणि देवावरचा विश्वास त्याहून तिखट. त्याने पहिल्याच शनिवारी कबुली ऐकायच्या जाळीपलीकडून विचारलं, "म्हणजे सोमवारी तुम्ही परत वाटणार?"

"नोकरी आहे, फादर."

"पुन्हा करणार नाही असं मनापासून ठरवलं, तरच माफी असते, मावशी. परत करणारच असाल, तर ही कबुली नाही, ही हजेरी झाली."

रेजीबाय सोमवारी केंद्रावर आली ती उतरलेल्या तोंडाने. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि माफी मिळाली नाही तर कम्युनियन नाही, म्हणजे मिस्सातला ख्रिस्तप्रसाद नाही. पाप डोक्यावर घेऊन तो तोंडात घ्यायचा, हे तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. मी आपली माझ्या पद्धतीने समजूत घातली, की त्या पोराला काय कळतंय, त्याने संसार केलाय का. ती माझ्याकडे असं बघत राहिली की मी गोळ्या मोजायला लागले.

तिची सुटका केली निमेशने. निमेश म्हणजे मासळी विकणाऱ्या पुतळाबाईचा मुलगा, स्वतःची बोट असलेला कोळी. त्याचे दोन मोबाईल समुद्राने खाल्ले होते. एके दिवशी तो केंद्रावर आला आणि म्हणाला, "मावशी, त्या पिशवीतलं द्या ना, मोबाईलला घालतो." रेजीबायने त्याला मारायला चप्पल काढली. पण त्याने खरंच मोबाईल आत सरकवला, वर घट्ट गाठ मारली आणि आमच्या बादलीत सोडला. मग मला म्हणाला, "ताई, फोन लावा." मी लावला. बादलीच्या तळाशी मोबाईल वाजायला लागला.

रेजीबाय वाकून बघत राहिली. तिच्या तोंडावर एवढा आनंद मी नाताळातही बघितला नव्हता. "यात कसलं पाप गो?" ती म्हणाली. "ही तर पिशवी झाली."

त्या दिवसापासून गोराईच्या धक्क्यावर सरकारी कुटुंब नियोजनाची नवी शाखा उघडली. मोबाईलला एक, बॅटरीला एक, माचिसला एक, बोटीच्या कागदपत्रांना दोन. हिंदू कोळी, ख्रिस्ती कोळी, कुणालाही मागे ठेवलं नाही. रेजीबाय आता मान वळवत नव्हती, उलट हाक मारून द्यायची. शनिवारी चर्चमध्ये जाऊन शेजारणीशी भांडल्याचं पाप सांगायची, आणि रविवारी ताठ मानेने ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहायची.

पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा समुद्रात जायच्या वेळी फादर त्यांना आशीर्वाद द्यायला आला. निमेशने आपलीही बोट पुढे केली. नारळी पौर्णिमेचा नारळ वाहून झाला होता, पण विमा दोन्हीकडे असलेला बरा, असं त्याचं म्हणणं. फादर मेल्विन एका हाताने पवित्र पाणी शिंपडत होता आणि दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत होता. लाटा उडत होत्या. निमेशने अदबीने त्याचा मोबाईल घेतला, पिशवी चढवली, गाठ मारली आणि परत दिला.

"अरे वा, मस्त आहे हे," फादर म्हणाला. "कुठे मिळतं?"

"आरोग्य खात्याकडून, फादर."

बोटीवरची माणसं अचानक जाळी आवरायला लागली. रेजीबाय आकाशाकडे बघून क्रूसाची खूण करत होती. फादर शेवटपर्यंत हसरा होता.

इकडे वरच्या कार्यालयात गोराईचे आकडे बघून साहेब खूश. शाल, श्रीफळ झालं, "खाडीपलीकडच्या समाजातली जागृती" यावर भाषण झालं. आमच्या डॉक्टर गंधाली मात्र हुशार बाई. त्या म्हणाल्या, "रेजिनाताई, पाकिटं एवढी जातात आणि बाळंतपणं तर आहेत तितकीच आहेत. हे लोक वापरतात तरी कसं?"

"काळजीने वापरतात, मॅडम," रेजीबाय म्हणाली. "गाठ मारून."

मी हसून हसून टेबलाखाली गेले. तो विनोद मी बोरिवलीत किती जणांना सांगितला असेल, त्याला हिशोब नाही.

मग एका दुपारी कल्पिता आली. निमेशची बायको. कडेवर धाकटं पोर, तोंड पांढरंफटक. तिचं तिसरं बाळंतपण जिवावर बेतलं होतं. रक्त थांबता थांबत नव्हतं, होडीतून रुग्णालयात नेताना निमेश मोठ्याने रडत होता. डॉक्टर गंधालींनी दोघांना बसवून बजावलं होतं, की आता पुन्हा दिवस राहिले तर या पोरांना आई राहणार नाही. सासू पुतळाबाईचं म्हणणं वेगळं. येणाऱ्याला अडवू नये, असं ती म्हणे. पुतळाबाई आणि चर्च यांचं जन्मात कधी एकमत झालं असेल तर ते एवढ्याच बाबतीत.

कल्पिता रेजीबायच्या समोर बसली. "मावशी, बोटीवर तुमच्या पाकिटांचा खोका भरलाय. घरात एक नाय. मी मागितलं तर निमेश बोलतो, राहू दे, मोबाईलला लागतात."

मला हसू फुटलं. कल्पिता हसत नव्हती.

"तुमी सगळ्यांना देता," ती म्हणाली. "मला कधी नाय दिलंत. मला मरायचं नाय, मावशी."

रेजीबायचा हात पिशवीवर होता, तो तिथेच राहिला. ती म्हणाली, "उद्या ये." कल्पिता उठून गेली. मग मी माझं तोंड सोडलं. म्हटलं, बाय, मासे पकडणाऱ्यांचे मोबाईल जगवलेस आणि या पोरीला उद्या ये सांगतेस? ती हिंदू आहे, तुझ्या फादरचा कायदा तिला लागू नाही, दे की उचलून! खूप बोलले. इतका राग मला माझ्या नवऱ्याचाही आला नव्हता.

"हिंदू असली म्हणून काय?" ती म्हणाली. "देव काय रेशनकार्ड बघून माणसं बनवतो? मला जे पाप, ते पाप. तिला देऊन मी त्याला फसवू शकत नाय." मग पिशवी आवरता आवरता म्हणाली, "पण त्याला तर मी वर्षभर फसवतेच आहे. हसत हसत."

दुसऱ्या दिवशी कल्पिता यायच्या आत ही बाय तिच्या दारात उभी होती. पाकीट दिलं नाही. म्हणाली, "निमेशच्या हातात दिलं तर परत मोबाईललाच लागेल, त्याचा भरवसा नाय. तू तांबी बसवून घे." पुतळाबाई आडवी आली. त्या दोघींचं जे भांडण झालं त्याचा आवाज धक्क्यापर्यंत गेला, शब्द मात्र सुदैवाने कुणाला लागले नाहीत, आणि आवाजाच्या बाबतीत पुतळाबाईला पहिल्यांदाच बरोबरीची भेटली. शेवटी निमेशनेच आईला गप्प केलं. त्याला ती होडी आठवली असावी. रेजीबाय कल्पिताला घेऊन बोरिवलीच्या रुग्णालयात गेली, रांगेत बसली, पोर मांडीवर घेतलं, आत कल्पिताचा हात धरून उभी राहिली. तिच्या धर्मात तांबी म्हणजे निरोधपेक्षाही वाईट, जवळजवळ गर्भपातच, हे तिला पूर्ण ठाऊक होतं. परत येताना होडीत कल्पिता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

शनिवारी ती फादरकडे गेली. पुढचं तिनेच मला सांगितलं. तिने सगळं सांगून टाकलं, मोबाईलचंसुद्धा. आपल्या व्हिडिओची आठवण होऊन फादर मेल्विन जाळीपलीकडे काही वेळ नुसता खोकत होता. पण तांबीचं ऐकून तो गंभीर झाला.

"पश्चात्ताप होतो ना, मावशी?"

"मोबाईलच्या फसवणुकीचा होतो. कल्पिताचा नाय होत."

"थोडासुद्धा?"

"परत वेळ आली तर परत नेईन, फादर."

फादर काकुळतीला आला. तो वाईट माणूस नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. त्याने तिला वाटा काढून दिल्या. नुसतं म्हणा की वाईट वाटतं. म्हणा की नाइलाज होता. म्हणा की देवाला दुखवायचं नव्हतं. एवढं म्हटलं तरी मी माफी देऊ शकतो. ती म्हणाली, "खोटं बोलून माफी घेऊ? तुम्ही द्याल, फादर. पण तो तर बघतोय." आणि माफी न घेता उठून आली.

हे ऐकून मी म्हटलं, अगं मग सरळ रांगेत उभी राहा, फादर चारचौघांत नाही थोडंच म्हणणार? किंवा सोड ते चर्च, घरी बसून प्रार्थना कर. शिकलेल्या माणसाला सुचते ती सगळी अक्कल मी तिला शिकवली. ती म्हणाली, "क्षमा, तुला काही कळत नाय," आणि ते खरं होतं.

ती नोकरी करते आहे, पिशवीतली पाकिटं आता ज्याला हवीत त्याला, ज्यासाठी हवीत त्यासाठी देते. चर्च चुकत आहे असं ती म्हणत नाही, कुणी म्हटलं तर त्याच्याशी भांडते. दर रविवारी मिस्साला जाते. कम्युनियनची वेळ झाली की सगळी रांग उठते आणि ती बाकावर बसून राहते. बाजूला व्हायला जागा नाही, म्हणून बायका तिच्या गुडघ्यांवरून ओलांडून जातात. गावात आता चर्चा सुरू झाली आहे, की रेजीने असं काय मोठं पाप केलं. या वयात तिचं कुणाशी तरी आहे, असंही एकीने पक्कं ठरवलं आहे. एक शब्द बोलली तर सगळ्यांची तोंडं बंद होतील. पण मग कल्पिताचं गावभर होईल, म्हणून ती बोलत नाही.

मागच्या रविवारी मी मुद्दाम गेले. मिस्सा संपायची वाट बघत बाहेर उभी होते. येताना वाटेत गरम वडापाव घेतला होता. ती बाहेर आली तशी पुढे केला. म्हटलं, सकाळपासून काही खाल्लं नसशील.

"काल रात्रीपासून नाय खाल्लं," ती म्हणाली. ख्रिस्तप्रसाद पोटात जायच्या आधी काही खायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम.

"अगं पण आता तू घेत नाहीस ना तो?" मी म्हटलं. "मग उपाशी कशाला राहतेस?"

तिने वडापाव हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"त्याने बोलावलं तर?" ती म्हणाली.