फोनातली झोनबंदी

आबा गेल्यावर त्यांचा फोन माझ्याकडे आला. मी त्यातलं अजून काही बदललेलं नाही. वडिलांच्या फोनात हात घालायचा तर त्यांना विचारायला हवं, आणि आता ती सोय उरली नाही.

फौजेतून निवृत्त झाल्यावर आबा आष्ट्याजवळ ऊस करायचे. एकदा पेपरात बातमी आली, की एका बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीला सरकारी आयोगानं दंड केला. फोन कुणाचाही घ्या, आत शोधायची सोय, नकाशा, सगळं तिचंच बसवलेलं. गिऱ्हाइकाला निवडूच देत नाही, असा ठपका. मी सांगलीत वाचनालयात नोकरीला, त्यामुळे रविवारी गावी गेलो की अशा बातम्या समजावून सांगायचं काम माझं. मी ‘मक्तेदारी’, ‘स्पर्धा’ असे शब्द जुळवत होतो, तोच आबांनी तोडलं.

“झोनबंदी म्हण की रं सरळ!”

पूर्वी आमच्याकडे ज्या कारखान्याच्या हद्दीत रान, त्यालाच ऊस घालावा लागे. ती झोनबंदी.

“ऊस माझा, फोन माझा. मला इचारलं पायजे.”

“आवं, झोनबंदी उठली तवा कुठं घातलासा ऊस?” आई आतून म्हणाली. “त्याच कारखान्याला की!”

“पर मी घातला. कुणी घालाय लावला न्हाई.”

पुढे नवा फोन घेतला, तेव्हा पडद्यावर खरंच यादी आली : शोधासाठी कुणाची सोय हवी ते निवडा. आबा चष्मा पुसून ताठ बसले. सगळी नावं मला मोठ्यानं वाचायला लावली आणि बोट ठेवलं त्याच जुन्या कंपनीवर.

“एवढं भांडलात, आबा!”

“तिची वाट पायाखालची हाय. पर इचारलं का न्हाई?”

दहाव्याला कृष्णाकाठी पिंडाला कावळा शिवेना. धाकटे चुलते हात जोडून म्हणाले, “दादा, काळजी करू नका. ऊस नेहमीच्याच कारखान्याला घालतो.” कावळा बाभळीवर मान वाकडी करून बसलेला. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी एकदम सुचलं. पुढे होऊन म्हणालो, “आबा, ऊस कुठं घालायचा ते आईला विचारून ठरवू.”

कावळा उतरला. भुकेलाही असेल.

घरी आल्यावर सगळ्यांदेखत मी चुलत्यांना आईपुढं बसवलं. त्यांनी विचारलं, “वहिनी, ऊस कुठं घालायचा?” आईनं पदरानं डोळे टिपले आणि इतका वेळ विचार केला, की चुलते अवघडून गेले. मग तिनं त्याच जुन्या कारखान्याचं नाव घेतलं.

“मंग मी काय येगळं म्हणत हुतो?”

“म्हणत हुतासा, भावजी. इचारत नव्हतासा. चा घ्या.”