ऐंशी मीटर कमी

मोठा मुलगा सैन्यात गेला तेव्हा मी त्याच्यासाठी काहीच केलं नव्हतं. तो आपला आपण पळाला, आपला आपण भरती झाला, आणि अभिमान मात्र मी सहा वर्षं फुकट वापरला. म्हणून धाकट्या मुलीनं भरतीचा अर्ज केला तेव्हा ठरवलं, या वेळी आपलाही हात लागला पाहिजे.

मुलींना सोळाशे मीटर साडेसात मिनिटांत पळायचं असतं. आमच्या गावात मैदान नाही. तलावाची पाळ आहे आणि ती संपली की शेतांमधून जाणारी सरळ पांदण. घर बांधताना घेतलेला वीस मीटरचा कापडी टेप काढला. बायकोनं मागचं टोक धरायचं, मी पुढं जाऊन वीसच्या आकड्यावर चुन्याची रेघ मारायची. असं ऐंशी वेळा केलं. शेवटची रेघ पांदणीत अशा जागी आली, जिथं झाड नाही की खूण नाही.

रोज सकाळी मुलगी पुढं आणि मी सायकलवर मागं, हातात मोबाइलचं घड्याळ. महिन्याभरात ती सात मिनिटं दहा सेकंदांवर आली. म्हणजे वीस सेकंद हातात. हे वीस सेकंद मी दिघोरीच्या बाजारात सांगितले, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सांगितले, मुलालाही फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बाबा, पक्कं मोजलं ना?" मला राग आला.

भरतीला सतरा दिवस उरले असताना तिची लांब उडी मोजायला घेतली. या वेळी मागचं टोक माझ्या हातात होतं. लागते दहा फूट. ही उडाली चार मीटर दहा, म्हणजे तेरा फुटांच्या वर. मी टेप निरखून पाहिला. तो एकच्या आकड्यापासूनच सुरू होत होता. पहिला मीटर नव्हताच.

बायको गोठ्यात होती. मी टेप दाखवला.

"तो तं मी मागंच कापला," ती म्हणाली. "वासराच्या गळ्याले बांधाले."

"मंग पाळीवर सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही म्हणले टोक धर. मी टोक धरलं. आकडे पाह्याचं काम तुमचं हाये न जी?"

मी गोठ्यातच हिशेब मांडला. ऐंशी वेळा एक मीटर. मुलगी पंधराशे वीसच पळत होती. खऱ्या सोळाशेला तिला सात मिनिटं तेहेतीस सेकंद लागले असते. तीन सेकंदांनी नापास.

"पोरीले सांगू नका," बायको म्हणाली. "हाय खाईल."

मी मानलं. धावायच्या सकाळी उरल्या सोळा. ऐंशी भागिले सोळा, पाच. रोज ती उठायच्या आधी जाऊन मी शेवटची रेघ पाच मीटर पुढं सरकवू लागलो. तिची वेळ वाढू लागली. बायकोनं अंडी वाढवली. तरी वेळ वाढतच गेली.

नवव्या दिवशी सात सोळा लागले. मुलगी पांदणीतच फतकल मारून बसली आणि रडायला लागली.

"बाबा, मी मागं मागंच जाऊन राहिली. अंडे खाऊन खाऊन जड झाली. दादाले सांगून द्या, मी नाही जात भरतीले."

तेव्हा सांगावंच लागलं. टेप, वासरू, रेघ, सगळं. तिनं नाक पुसलं.

"म्हणजे तुम्ही रोज मले फसवून राहिले होते?"

"पाच-पाच मीटरनं."

"आईले मालूम होतं?"

"अंडे तिनंच वाढवले."

"आज मी किती पळाली?"

"पंधराशे पासष्ट."

"मंग सोळाशेले किती होते?"

मी चुन्याच्या डब्यावर बोटानं आकडे मांडले. "सात सव्वीस."

"म्हणजे पास?"

"चार सेकंदांनी."

"मंग रडवलं काहून मले?" ती उठली. "चला, पुन्हा मोजू. टोक मी धरते. आईले घरीच राहू द्या."

भरती नागपूरला होती. आम्हा पालकांना फाटकाबाहेर उभं केलं. वेळेत पोचलेल्या मुलींना आत दोरीच्या पलीकडे बसवत होते, बाकीच्यांना फाटकातून बाहेर सोडत होते. तिचा गट पळाला आणि फाटक उघडलं. मी मोजू लागलो. एक, दोन, सात, पंधरा. प्रत्येक वेणी मला तिचीच वाटे. एकविसावी मुलगी माझ्या शेजारच्या माणसाची निघाली. त्यानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तेवीस झाल्या आणि फाटक बंद झालं. आपलं लेकरू बाहेर आलं नाही म्हणून मी त्या दिवशी अनोळखी माणसांना पेढे वाटले.

संध्याकाळी ती आली तेव्हा पहिला प्रश्न मी तोच केला.

"किती वेळ लागला?"

"घड्याळ त्याईच्यापाशी होतं, बाबा. मी दोरीच्या आत होती."

आकडा कुठं लिहूनही मिळाला नाही. मी दोनदा चौकशी केली.

आता तीही नोकरीवर आहे, आणि गावात लोक विचारतात तेव्हा माझ्याकडे सांगायला नेमकं काही नसतं. यंदा भाताच्या रोवणीच्या वेळी बायको बांधीतल्या चिखलात वाकल्या वाकल्या बायांना सांगत होती, "सहा पन्नासात आली माही पोरगी. साऱ्याईच्या पुढं."

धुऱ्यावर मी उभा होतो. एकीनं मान वर केली.

"खरं काय जी, भाऊ?"

"असंल," मी म्हणालो, आणि रोप्याची पेंडी उचलून पुढच्या बांधीकडे निघालो.